चुंबकाला चिकटलेलं घड्याळ

१

चक्की सुरू करण्याआधी चुंबक पुसायचं, हे निलेश नाईकचं रोजचं पहिलं काम होतं.

धारगळजवळच्या कातळी सड्यावर पाळयेकरांचा कारखाना होता. कत्तलखान्यांत उरलेली हाडं, आतडी, रक्त, कातडीचे तुकडे असा सगळा माल ट्रकांनी तिथं यायचा. एका अवाढव्य बंद कुकरात तो वाफेवर शिजायचा, त्यातली चरबी निथळायची आणि उरलेला चोथा चक्कीत दळला जायचा. निघालेली तपकिरी पूड पोत्यांत भरून कोंबड्यांच्या खाद्यासाठी जायची. चक्कीत पडण्यापूर्वी माल एका जाड लोहचुंबकावरून घसरत यायचा. चुकून आलेला एखादा खिळा, एखादा हूक तिथंच अडकावा, एवढ्यासाठी ते चुंबक.

आदल्या संध्याकाळी भरलेला माल रात्रपाळीनं शिजवून निम्मा दळून ठेवला होता. सकाळी निलेशनं झाकण उघडलं आणि हातातलं फडकं हातातच राहिलं.

चुंबकाला एक मनगटी घड्याळ चिकटलं होतं. काळा चामड्याचा पट्टा आणि तो एका टोकाला लाल दोऱ्यानं शिवलेला.

तो पट्टा कारखान्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. कुकर चालवणारा मधुकर गवस रोज जिना चढताना बाही वर सारून त्यात वेळ बघायचा. काल संध्याकाळी तो कुकरच्या तोंडाशी, वरच्या फलाटावर उभा होता. त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नव्हतं. तो घरीही गेला नव्हता. त्याची बायको पहाटेच फाटकावर येऊन विचारून गेली होती.

निलेश दोन पावलं मागे सरला. त्याच्या पाठीला भरलेली पोती लागली आणि तो ओरडला. बाकीचे धावत आले. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग वर कुकरच्या तोंडाकडे आणि शेवटी पोत्यांकडे. मग एकेकानं आपले हात पँटीला पुसायला सुरुवात केली.

२

पेडण्याहून उपनिरीक्षक गोकुळदास केरकर आले, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या दोघा शिपायांनी नाकाला रुमाल लावले होते. केरकरांना त्याची गरज नव्हती. तरुणपणी एका तापात त्यांचं नाक गेलं ते कायमचं. घरी उतू गेलेलं दूधही त्यांना दिसल्यावरच कळायचं. म्हणून ते लोकांना नेहमी विचारायचे, "वास कसला आला?" आणि उत्तर नीट लक्षात ठेवायचे.

कामगार बाहेर काजूच्या झाडाखाली घोळका करून उभे होते. आत यायला कोणी तयार नव्हतं. पोत्यांपासून तर सगळेच दूर होते. झाडूवालीनंही आपली झाडू गोदामाच्या दाराबाहेर टाकली होती.

मालक कृष्णनाथ पाळयेकर मात्र पोत्यांच्या थप्पीवरच टेकून बसले होते. पांढरा सफारी, कपाळावर घाम.

"सायबा, हे सगळं खुळ्यांचं काम आहे," ते म्हणाले. "गवस दारू पिऊन कुठंतरी पडला असेल. घड्याळ काय, वाकला असेल, पडलं असेल आत. दुपारी ट्रक येणार. माल आजच्या आज गेला पाहिजे."

"माल कुठंही जाणार नाही," केरकर म्हणाले. "काल संध्याकाळी तुम्ही कुठं होता?"

"इथंच. मग गाडी घेऊन डिचोलीला गेलो. माझी काजूची बागायत आहे सर्वणला."

"गवसशी बोलणं झालं होतं?"

"मालकाला कामगाराशी काय बोलायचं असतं?" पाळयेकर उठले. सफारीला लागलेली पूड त्यांनी सहज झटकली आणि ते निघून गेले.

मग निलेशला बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"तुझं आणि मधुकरचं भांडण झालं होतं म्हणे?"

निलेशचा चेहरा उतरला. "झालेलां. खोटां कित्याक सांगू? हल्ली माल कच्चो येई. ओलो, चरबीन भरललो. माझी चाळण बुजे. मी तेका म्हटलंय, नीट शिजय. तो म्हणालो, माझ्या हातात काय नाय, मालकाक विचार. त्यावरना जुंपली. पण सायबानू, मी तेका कुकरात ढकलीन काय? माझ्या लग्नात तो करवलेपण केलेलो माणूस."

"कातडं आत गेलं तर काय होतं?"

"डिंक होता. आखडता, चिकट होता, वळखाक येणा नाय."

एवढ्यात आतून आवाज आला.

ठक्. ठक् ठक्.

आवाज बंद कुकरातून येत होता. जाड पोलादाच्या आत कोणीतरी मूठ आपटावी तसा. काजूखालचा घोळका एकदम मागे हटला. एक शिपाई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेऊ लागला.

निलेशनं केरकरांचा हात घट्ट धरला. "आयकलात? तो हा. तो आतसून ठोकता."

३

सरस्वती गवस फाटकाजवळच्या दगडावर बसली होती. सासोलीची ही बाई. नवऱ्याला इथं काम लागलं म्हणून दोघं सीमेपलीकडून येऊन धारगळला भाड्याच्या खोलीत राहत होती. तिच्या भोवती चार बायका जमल्या होत्या आणि त्यातली एक तिला पुन्हापुन्हा पाणी पाजत होती. ती पीत नव्हती, नुसती ओठ ओले करत होती.

हवालदारानं कागद काढला. "बाई, जबानी मराठीत लिहू की कोंकणीत? आता कोंकणी राजभाषा झाल्यापासून..."

"खंयच्याय भाषेत लिवा," ती म्हणाली. "तो खंय आसा तां सांगा."

केरकर तिच्या समोर उकिडवे बसले. "काल कामावर जाताना काही वेगळं बोलला?"

"हाताक कायतरी चावलां म्हणालो. मनगटाक. पुळी इल्ली. मी म्हटलंय, दुखता काय? तर म्हणता, दुखणा नाय, त्याचाच नवल वाटता. आणि आंगात कसर होती तेच्या. मी म्हटलंय जाव नको. तर म्हणालो, मी नाय गेलंय तर आजचो माल तसोच जायत."

"तसाच म्हणजे?"

"तां माका काय कळला नाय, सायबानू."

केरकरांनी रुमालात गुंडाळलेलं घड्याळ उघडलं. काटे थांबलेले होते. पण चुंबकावर ठेवलेलं कुठलंही घड्याळ थांबतं, त्यामुळे त्या वेळेला काही अर्थ नव्हता. सरस्वतीनं ते दोन्ही हातांनी घेतलं. लाल दोऱ्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग पट्टा तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"ह्येका तेचो वास नाय," ती म्हणाली.

"मग कसला?"

"औषधाचो. हास्पिटलात पाय ठेवलो काय येता, तसलो."

बायकांना वाटलं तिला भ्रम झालाय. एका म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाये, कुंकू पुसून घे गो आता. उगाच आशा धरू नको."

सरस्वती उठली. कोणी अडवायच्या आत ती गोदामात शिरली. पोत्यांच्या रांगेपुढून ती हळूहळू चालत गेली. एकेका पोत्यावर तळहात ठेवायची, थोडी थांबायची, पुढे जायची. गरम पूड भरलेली ती पोती अजून उबदार होती.

शेवटच्या पोत्यापाशी ती वळली.

"ह्यातल्या खंयच्या पोत्यात आसा तो?" तिनं विचारलं.

गोदामासमोरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीचं जनेल उघडं होतं. तिथं एक तरुण मुलगी उभी होती. सरस्वतीचा प्रश्न तिनं ऐकला आणि जनेल आतून लावून घेतलं.

४

कुकर पुन्हा वाजला. या वेळी केरकर एकटेच फलाटावर चढले. आजचा माल कुकरात भरलेला नव्हता, तरी कोणी वाफ बंद करायला धजलं नव्हतं. त्यांनी पोलादाला हात लावून पाहिला. गरम होतं, पण हात ठेवता येईल इतकंच. आत वाफ खेळत असलेल्या भांड्याला हात ठेवता येता कामा नये, एवढं त्यांना स्वयंपाकघरातूनही माहीत होतं.

खाली येऊन त्यांनी निलेशला विचारलं, "हा ठोकण्याचा आवाज पहिल्यांदा कधी ऐकला?"

"आज..." निलेश थांबला. "नाय. चवथीच्या आधीपासना येता. मधुकरच म्हणा, हल्ली कुकर ठोकता म्हणान."

"म्हणजे मधुकर जिवंत असतानाही तो आतून ठोकत होता?"

भीतीच्या जागी निलेशच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा विचार दिसला.

केरकर प्रयोगशाळेच्या दाराशी गेले. ती तरुण मुलगी म्हणजे अश्विनी पार्सेकर, म्हापशाच्या कॉलेजातून रसायनशास्त्र शिकून आलेली. पुडीत प्रथिनं किती, ओल किती, हे तपासणं तिचं काम. टेबलावर काचेच्या नळ्या होत्या, कोपऱ्यात पाण्याचा नळ, भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी.

"कुकर का वाजतो?" केरकरांनी विचारलं.

असा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती जरा सैल झाली. "कुकरला बाहेरून दुसरी भिंत असते. त्या दोन भिंतींमध्ये वाफ सोडतात. वाफ पुरेशी असली तर काही होत नाही. कमी सोडली की तिचं पाणी होऊन तळाशी साचतं. मग नवी वाफ त्या पाण्यावर आदळते. तो आवाज त्याचा."

"वाफ कमी का सोडतात?"

"तेल वाचतं." ती खाली बघत म्हणाली.

"आणि माल?"

"माल बाहेरून शिजलेला दिसतो. आत कच्चा राहतो. या कामात दळणं महत्त्वाचं नाही, सर. शिजवणं महत्त्वाचं. आलेल्या जनावराला काय रोग होता ते आपल्याला माहीत नसतं. पुरत्या दाबाखाली, पुरता वेळ शिजवलं तरच तो मरतो. नाहीतर आपण रोग दळून पोत्यांत भरतो." ती भराभरा बोलत होती, जणू हे सगळं तिनं पूर्वीही कोणाला तरी असंच सांगितलं होतं.

केरकरांनी खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. अश्विनीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बघा ना," ते म्हणाले. "तुम्हाला यात काय दिसतं? मला काय दिसतं ते सांगतो. कुकरात कातड्याचा डिंक होतो. हा चामड्याचा पट्टा मऊ आहे, सरळ आहे, त्याच्यावर चरबीचा एक डागही नाही. हे घड्याळ कुकरात गेलंच नव्हतं. कोणीतरी सकाळी चुंबकाचं झाकण उघडून ते हातानं लावलं. आता माझं नाक मेलेलं आहे. पण मधुकरच्या बायकोचं नाही. तिला या पट्ट्याला औषधाचा वास आला."

ते उठले आणि त्यांनी भिंतीवरची पेटी उघडली. कापूस, पट्ट्या आणि डेटॉलची अर्धी बाटली.

"सबंध कारखान्यात डेटॉल फक्त इथं आहे," ते म्हणाले. "आणि नमुना घ्यायला रोज सकाळी निलेशच्याही आधी चुंबकापाशी जाणारं माणूस एकच."

अश्विनी खुर्चीत बसली.

"तो मेलेला नाही," ती शेवटी म्हणाली. "निदान काल संध्याकाळपर्यंत नव्हता. पण तो कुठं आहे, ते मला खरंच माहीत नाही."

५

तिनं जे सांगितलं ते असं.

गेल्या आठवड्यात एक ट्रक कत्तलखान्यातून न येता घाटापलीकडून आला. त्यात कापलेला माल नव्हता, मेलेली जनावरं होती. पोटं फुगलेली, नाकातोंडातून काळं रक्त, आणि ते रक्त गोठतही नव्हतं. अश्विनीनं पाळयेकरांना सांगितलं, हा माल घेऊ नका, आणि घेतलात तर वाफ पूर्ण सोडा. ते हसले. मधुकरनं ती जनावरं साखळीला लावून कुकरपर्यंत ओढली. त्याच्या मनगटाला साखळीचं खरचटलेलं होतं.

"काल संध्याकाळी माल भरून, झाकण लावून तो इथं आला," ती म्हणाली. "पुळी धुवायची म्हणाला. मी घड्याळ काढायला लावलं. पट्ट्याखाली फोड होता, मधोमध कोळशासारखा काळा, भोवती सूज. त्याला दुखत नव्हतं. तेव्हाच मी घाबरले. जनावरांत याला फाशी म्हणतात. माणसाला झाली की काळपुळी. वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर माणूस वाचतो. नाही मिळालं तर रक्तात भिनतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सरकारी इस्पितळात जा. तो म्हणाला, मालकाला सांगून जातो. घड्याळ इथंच राहिलं, पट्टा मी डेटॉलनं पुसून ठेवला होता."

"आणि परत आला नाही."

"नाही. सकाळी त्याची बायको फाटकावर रडत होती. वॉचमननं तिला सांगितलं, पिऊन पडला असेल. मी मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, मी त्याला पाहिलंच नाही. ते खोटं होतं, सर. मी जनेलातून मधुकरला त्यांच्या खोलीत जाताना पाहिलं होतं." आता तिनं पहिल्यांदा घड्याळाकडे पाहिलं. "एक कामगार एक रात्र घरी आला नाही, म्हणून कोण येतं? अर्धवट शिजलेल्या मालाची पोती आहेत, म्हणून कोण येतं? दुपारी ट्रक येऊन पोती घेऊन गेला असता. माणूस दळला गेला म्हटल्यावर मात्र सगळं थांबतं. पोलीस येतात, पोत्यांना कोणी हात लावत नाही. मी एवढाच विचार केला. ती बाई आत येऊन पोती चाचपेल, हा विचार मी केला नाही."

तिला रागवावं की नाही, हे केरकरांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर सकाळपासून खटकणारी एक गोष्ट आता स्पष्ट झाली होती. ते झपाझप मालकाच्या खोलीकडे निघाले.

खोलीला कुलूप होतं. पाळयेकरांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती.

६

गाडी फाटकातच अडवली गेली. शिपायांनी नव्हे, निलेशनं. केरकरांची हाक ऐकून तो सरळ बॉनेटसमोर जाऊन उभा राहिला होता आणि हलायला तयार नव्हता.

"कुठं निघालात?" केरकरांनी काचेतून विचारलं.

"वकिलाकडे."

"मधुकरला कुठं ठेवलंय?"

"मी सांगितलं ना, मी त्याला..."

"पाळयेकर, सकाळी या कारखान्यातलं एकूणएक माणूस त्या पोत्यांना घाबरत होतं. माझा शिपाई, ज्यानं विहिरीतली प्रेतं काढलीत, तो देवाचं नाव घेत होता. तुम्ही एकटे त्या पोत्यांवर बसला होता. तुमच्या सफारीला ती पूड लागली आणि तुम्ही ती झटकलीत, गव्हाचं पीठ झटकावं तशी. तुम्ही शूर आहात म्हणून नाही. त्या पोत्यांत मधुकर नाही हे तुम्हाला माहीत होतं. आणि हे माहीत असायचं कारण एकच. तो कुठं आहे, तेही तुम्हाला माहीत होतं."

पाळयेकरांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. बाजूला बायकांच्या घोळक्यात सरस्वती उभी होती. म्हातारीनं एव्हाना तिचं कुंकू पुसलं होतं, बांगड्या उतरवल्या होत्या. ती ऐकत होती.

"मी त्याला मारलेलं नाही," ते म्हणाले. "उलट वाचवत होतो. सरकारी इस्पितळात गेला असता तर त्यांनी विचारलं असतं, हे कुठून आलं? कारखान्याला कुलूप. या सगळ्यांच्या पोटावर पाय. मी त्याला म्हटलं, घरी जाऊ नकोस, बायकोला लागेल. सर्वणच्या बागायतीत खोली आहे. एक कंपाउंडर ठेवलाय, तो इंजेक्शन देतोय. आठवड्यात उभा राहिला असता. मग तुम्हाला यायची गरजच पडली नसती."

"आणि आज सकाळी? ही बाई पोतं पोतं चाचपत होती तेव्हा? 'तो जिवंत आहे' एवढंच म्हणायचं होतं."

घोळक्यातून सरस्वती पुढे आली. ती काचेजवळ वाकली आणि तिनं त्या माणसाच्या चेहऱ्याकडे नुसतं पाहिलं. पाळयेकरांनी तोंड फिरवलं.

"चला," ती केरकरांना म्हणाली.

जीप डिचोलीच्या रस्त्याला लागली. खनिजाच्या ट्रकांनी रस्ता लाल झाला होता. सरस्वती मागे बसून पुढचा बार घट्ट धरून होती. सर्वणच्या पुढे काजूच्या बागेत एक कौलारू खोली होती. दाराला बाहेरून कडी होती. कंपाउंडरचा पत्ता नव्हता. धारगळला पोलीस आल्याची बातमी बसवाल्यांकडून त्याच्यापर्यंत पोचली आणि तो कडी घालून पळाला, हे पुढे उघड झालं. उंबऱ्याबाहेर फेकलेल्या कुप्या होत्या. केरकरांनी एक उचलून बघितली. पेनिसिलिन नव्हतं ते, ताकदीचं कसलंसं साधं इंजेक्शन होतं.

कडी काढल्यावर सरस्वती उंबऱ्याशी थबकली. तिला आत पाऊल टाकवेना.

आत चटईवर मधुकर पडला होता. हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा. ओठ फुटलेले. त्यानं डोळे अर्धे उघडले. दारात उभ्या असलेल्या बायकोकडे त्यानं पाहिलं; पण तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि हात बोडके होते, त्यामुळे की काय, त्यानं तिला ओळखलं नाही.

"कोण मेलां?" त्यानं विचारलं.

७

मधुकर वाचला. पेनिसिलिन अगदी शेवटच्या क्षणी मिळालं, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. मनगटावर मोठा खड्डा राहिला आणि दोन बोटं नीट मिटेनात, पण हात राहिला. कारखान्यातली सगळी पोती सरकारी पशुवैद्यांच्या देखत खोल खड्ड्यात चुन्याखाली पुरली. पाळयेकरांवर खटला उभा राहिला. कंपाउंडर बेळगावला सापडला. सड्यावरचं धुराडं थंड झालं.

अश्विनी इस्पितळात आली तेव्हा सरस्वती व्हरांड्यातल्या बाकावर पेजेचा डबा घेऊन बसली होती. अश्विनी समोर उभी राहिली.

"माका म्हायत आसा," सरस्वतीच म्हणाली. "केरकर सायबांनी सांगल्यानी. तू तां केलंस म्हणान पोलीस इले. पोलीस इले म्हणान तो जगलो. मी तुका शिव्या दिवक शकणय नाय." तिनं आपला उजवा तळहात उघडून बघितला. "पण ह्या हातान मी ती पोती चाचपलंय, बाये. गरम होती ती. आता ह्याच हातान तेका पेज भरवतंय, आणि तेच्या अंगाक हात लावलो की माका ती पोतीच लागतत. ह्या खंय नेव मी?"

अश्विनी रडू लागली. सरस्वतीनं तिला जवळ घेतलं नाही. पण थोडी सरकली आणि बाकावर तिच्यासाठी जागा केली. दोघी तशाच बसून राहिल्या, आतून नर्सनं हाक मारेपर्यंत.

पुढच्या वर्षी चोरीच्या मोटारसायकलींच्या तपासासाठी केरकर हरमलला गेले होते. किनाऱ्याच्या वाटेवर एका दुकानात परदेशी पाहुण्यांना मोटारसायकली भाड्यानं देत. एक माणूस पाइपनं गाड्या धूत होता. त्याच्या मनगटावरचा खड्डा पाहून केरकर थांबले.

"गवस? तू इकडे कसा? धारगळची खोली सोडलीस?"

मधुकरनं पाणी बंद केलं. तो हसला, पण आधी आजूबाजूला बघून घेतलं.

"सोडलंय, सायबानू. लोक वायट नाय. चांगलेच वागत. पण पाव घेवन येणारो पोदेर माझ्या हातातसून पैशे घेय नाय, ओट्यार ठेव म्हणा. बसीत माझ्या बाजूक कोण बसा नाय. पोरां माझ्या पायांकडे बघीत, सुलटे आसत काय म्हणान. निलेश तेवढो येय, बसा, चाय पिय. पण तोय माझ्याकडे बघताना मध्येच गप जाय."

"सवय होईल लोकांना."

"होयत म्हणान वाट बघलंय. मगे पितृपक्ष इलो." त्यानं पाइप खाली ठेवला. "सर्वपित्रीक शेजारणीन माझ्या नावान पान वाढून दारात ठेवल्यान. कावळ्याक. तिच्या मनात वायट काय नव्हता. माया होती. मी आत जेवीत होतंय, सायबानू. जनेलातसून बघलंय. कावळो इलो आणि पानाक शिवलो."

दुकानामागच्या खोलीतून सरस्वतीनं चहा झाला म्हणून हाक मारली. समुद्रावरून वारा येत होता. त्याला कसला वास होता, ते केरकरांना कळणं शक्य नव्हतं. रस्त्यानं चालणाऱ्या एका मासेवालीनं मधुकरला सहज हात केला आणि त्यानंही केला.

"ह्या गाव बरां," तो म्हणाला. "हय कोणाक म्हायत नाय, मी मेललंय तां."

आणि पाइप उचलून त्यानं पुन्हा पाणी सोडलं.